छोटी पीसी केस घेताना माझी झालेली फसवणूक

टीव्हीखालच्या कप्प्यात मावेल असा छोटा, आवाज न करणारा पीसी जुळवायचा होता. मदरबोर्ड, म्हणजे सगळे भाग ज्यावर जोडतात तो मुख्य बोर्ड, मिनी-आयटीएक्स आकाराचा, म्हणजे १७० बाय १७० मिमीचा. प्रोसेसरसोबत आलेला, त्याला थंड ठेवणारा पंख्याचा कूलर ५४ मिमी उंच. एका विक्रेत्याने केसच्या, म्हणजे हे सगळे भाग बसवायच्या डब्याच्या, जाहिरातीत ठळक अक्षरांत लिहिलं होतं, 'कूलरसाठी ६५ मिमी जागा'. शिवाय ३०० वॉटचा पॉवर सप्लाय, समोर यूएसबी ३.०, ॲल्युमिनियमची बॉडी. मी ऑर्डर केली. यातला एकही दावा खरा निघाला नाही, म्हणून हे लिहितोय.

सगळं जोडून झाकण लावायला गेलो तर ते कूलरच्या पंख्यावरच टेकलं. दाबून धरलं तरी स्क्रूची भोकं जुळेनात. मग पट्टी घेतली. तळाच्या पत्र्यापासून झाकणापर्यंत बरोबर ६५ मिमी भरले. पण कूलर काय तळाच्या पत्र्यावर बसतो? मदरबोर्डखालचे स्टँडऑफ, म्हणजे बोर्ड उचलून धरणारे छोटे खांब, साडेसहा मिमी, बोर्डची जाडी दीड मिमीच्या आसपास, वर प्रोसेसर बसवायचं सॉकेट आणि प्रोसेसर मिळून सात-आठ मिमी. हे सगळं वजा केलं की कूलरला उरतात जेमतेम ४९. रोज केस विकणाऱ्याला हा फरक माहीत नसेल, हे मला अजिबात पटत नाही.

पॉवर सप्लायवर '३०० वॉट' मोठ्या अक्षरांत होतं. खालच्या बारीक तक्त्यात मात्र १२ व्होल्टसमोर १० अँपिअर. गुणाकार करा, १२० वॉट. आजच्या पीसीत प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड यांचा जवळजवळ सगळा भार १२ व्होल्टवरच असतो, त्यामुळे उरलेले वॉट कागदावरच राहतात. त्यात ४० मिमीचा पंखा. एवढा लहान पंखा पुरेशी हवा ढकलायला जोरात फिरतो, आणि सिनेमातल्या शांत प्रसंगात त्याची शिट्टी सोफ्यापर्यंत ऐकू येते.

समोरचे यूएसबी पोर्ट ३.० चे असतात तसे निळे होते. आतून आलेली वायर मात्र ९ पिनांची, म्हणजे यूएसबी २.० ची. ३.० चा कनेक्टर चांगला रुंद, १९ पिनांचा असतो. टॉर्च मारून पोर्टमध्ये पाहिलं तर धातूच्या चारच पट्ट्या दिसल्या, ३.० साठी लागणाऱ्या आतल्या बाजूच्या पाच नव्हत्याच. नुसतं प्लास्टिक निळं. 'ॲल्युमिनियम'च्या बॉडीला फ्रिजवरचं चुंबक चटकन चिकटलं.

तक्रार केली तर उत्तर आलं, 'आम्ही आतली उंची ६५ मिमी लिहिली आहे. तुम्ही केस उघडून वापरली आहे, परत घेता येणार नाही.' संध्याकाळी पुन्हा जाहिरात उघडली तर शब्द खरंच बदललेले! 'कूलरसाठी जागा'च्या ठिकाणी 'आतली उंची'. ऑर्डर करण्याआधी मित्राला विचारायला म्हणून मी त्या वर्णनाचा स्क्रीनशॉट पाठवला होता, तेवढ्यावर मी तरलो. तारीख-वेळेसकट तो पुढे केल्यावर अर्धे पैसे परत आले. अर्धे गेले ते गेलेच, आणि ते मला अजून सलतं.

कोणी अशी केस घेत असाल तर पैसे भरण्याआधी वर्णनाचा आणि प्रत्येक फोटोचा स्क्रीनशॉट काढून ठेवा. विक्रेत्याकडे तीन फोटो मागा: बोर्ड बसवून प्रोसेसरच्या माथ्यापासून झाकणाच्या पातळीपर्यंत उभी धरलेली पट्टी, पॉवर सप्लायवरचा १२ व्होल्टचा आकडा वाचता येईल असा तक्ता, आणि समोरच्या यूएसबीच्या वायरचं आतलं टोक. मी नंतर दुसऱ्या दोन विक्रेत्यांकडे हे मागितलं. एकाने 'सगळं स्टँडर्ड आहे, चिंता करू नका' एवढंच कळवलं. दुसऱ्याने अर्ध्या तासात तिन्ही फोटो पाठवले. त्यातली पट्टी ५८ मिमी दाखवत होती. त्याच्याकडूनच केस घेतली आणि तोच कूलर बसवून झाकणाचे चारही स्क्रू हाताने फिरवून लावले.