जर्मनी बिझनेस डेलिगेशन पॅकेज (हॅनोवर + स्टुटगार्ट): पैसे वसूल झाले का?

पाचपैकी तीन स्टार देतोय. त्यातले अडीच एका सकाळचे आहेत, अर्धा टूर मॅनेजर पोराच्या सहनशक्तीला, आणि बाकी पॅकेजला खरं सांगायचं तर काहीच नाही.

आमच्या भागातल्या एका व्यापारी संघटनेनं हे डेलिगेशन नेलं होतं. नाव घेत नाही, उद्या परत त्यांच्याच मीटिंगला बसायचंय. एप्रिलमधली हॅनोवर मेसे (उद्योगांचं मोठं प्रदर्शन), तिथनं स्टुटगार्ट, आणि बॅनरवर 'भारत-जर्मनी आर्थिक व राजनैतिक सामंजस्य वृद्धिंगत करण्यासाठी' वगैरे. माझं कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीत मशीन शॉप आहे, पंप-व्हॉल्व्हच्या बॉडी मशीनिंग करून देतो, कास्टिंग शेजारच्याच फाउंड्रीचं. मला सामंजस्य नको होतं, एक खरेदीवाला पाहिजे होता. आणि गंमत बघा, शेवटी कामाला आला तो सामंजस्याचाच तास, ते पुढं सांगतो.

आधी खर्च. विमान, हॉटेल, मेसेचे पास, लोकल बस आणि दोन वेळचं जेवण धरून पॅकेज तीन लाखाच्या घरात, वर जीएसटी आणि टीसीएस (टूरवाल्यानं आपल्याकडनं आधीच गोळा केलेला आयकर). टीसीएस रिटर्नमध्ये ॲडजस्ट होतो, सीएला सांगून ठेवा, आमच्यातल्या निम्म्या लोकांना हे माहीतच नव्हतं आणि विमानतळावर त्यावरनं वाद. शेंगेन व्हिसाची फी 90 युरो, वर व्हिसाचे अर्ज घेणाऱ्या व्हीएफएस कंपनीचा चार्ज, 30 हजार युरोचं इन्शुरन्स कव्हर कंपल्सरी. व्हिसाचं काम त्यांनी नीट केलं, तिकडनं निमंत्रणाची पत्रं वेळेत आली, त्याबद्दल तक्रार नाही.

हॉटेल मात्र हिल्डेसहाईमला. हॅनोवरपासनं तीसेक किलोमीटर. मेसेच्या आठवड्यात गावातल्या हॉटेलांचे रेट आकाशाला भिडतात, लोक आपल्या घरातल्या खोल्यासुद्धा भाड्यानं देतात, त्यामुळं लांब ठेवलं ते समजू शकतो. पण मग ब्रोशरमध्ये 'हॅनोवर सिटी' छापायचं कशाला?

आता मेसे. ही मूळची 1947 ची, युद्धात बेचिराख झालेल्या देशाला एक्स्पोर्ट करून चार पैसे मिळावेत म्हणून ब्रिटिश लष्करी प्रशासनानं भरवायला लावलेली, आणि तेव्हा रेशन कुपनाशिवाय माशाचे पाव मिळायचे म्हणून लोक तिला माशाच्या पावाची जत्रा म्हणायचे. आता मैदान एवढं मोठं की एका हॉलमधनं दुसऱ्या हॉलला जायला बस फिरते. भारत 2006 आणि 2015 ला पार्टनर कंट्री होता, 2015 ला मोदी आणि मर्केल दोघांनी उद्घाटन केलेलं, मेक इन इंडियाचे सिंह गावभर. ही गोष्ट आमच्या अध्यक्षांनी बसमध्ये माइकवरनं सांगितली, आणि परत सांगितली, आणि स्टुटगार्टच्या वाटेवर अजून एकदा.

पण एक गोष्ट कुणी सांगितली नाही, आणि ती सांगायला पाहिजे होती. हॅनोवर मेसे ही आता मुख्य करून ऑटोमेशन, रोबो, सॉफ्टवेअर, हायड्रोजन, एनर्जी यांची आहे. बघायला एक नंबर, डोळे फिरतात. पण कास्टिंगवाल्यानं खरं तर डसेलडॉर्फच्या गिफा आणि न्यूकास्ट या फाउंड्री-कास्टिंगच्या प्रदर्शनांना जायला पाहिजे, ते चार वर्षांतनं एकदा असतं, मागचं 2023 ला झालं, पुढचं 2027. मशीन टूलवाल्यांसाठी एमो, तेही बहुतेक वेळा हॅनोवरलाच पण वेगळ्या वेळी. आमच्या ग्रुपमध्ये फाउंड्रीवाले, नट-बोल्टवाले, गूळवाला एक, बिल्डर दोन, आणि एक साहेब नुसतेच फिरायला आलेले, सगळ्यांना एकच पास आणि एकच बस. गुळाचा माणूस रोबोच्या हाताकडं बघत उभा होता, त्याला काय सामंजस्य होणार हो?

सत्कारांबद्दल लिहायलाच पाहिजे. शाली आणि श्रीफळं इथनंच नेलेली. कस्टमला अडवतील म्हणून मी घाबरलो होतो, पण युरोपात फळं न्यायला जो प्लँट हेल्थचा दाखला लागतो तो अननस, नारळ, केळं, खजूर आणि ड्युरियन या फळांना लागत नाही, म्हणजे श्रीफळ बिनधास्त. अडकतं ते दुधाचं, कंदी पेढ्यांचे बॉक्स निघायच्या आधीच मुंबईत उतरवले. तर तिकडच्या एका इंडस्ट्री ऑफिसात शाली, मग हार, मग मानचिन्ह, मग ग्रुप फोटो, मग 'दोन मिनिटं, अजून एक साहेबांच्या मोबाईलवर' करत आम्ही पुढच्या मीटिंगला पंचवीस मिनिटं उशिरा. समोरचे पाच जण वेळेवर येऊन बसलेले, त्यातले दोघं आम्ही पोचेपर्यंत निघून गेले. त्यातला एकजण पंपाच्याच धंद्यातला होता, हे नंतर लिस्ट बघितल्यावर कळलं. माझा सगळ्यात मोठा राग हाच आहे.

एमओयूवर सह्या झाल्या. संघटनेच्या आणि तिकडच्या एका क्लस्टर संस्थेच्या. मी वाचला, दीड पानाचा आहे, त्यात तारीख सोडली तर एकही आकडा नाही.

आता ती सकाळ. स्टुटगार्टला एक तीन तासांचं सेशन होतं, तिकडच्या चेंबरची एक बाई, एक कस्टम्स सल्लागार, आणि आपल्या कॉन्सुलेटकडनं एक अधिकारी. सुरुवात नेहमीचीच, 1951 पासूनचे राजनैतिक संबंध, मुंबई आणि स्टुटगार्ट 1968 पासून सिस्टर सिटी, 1954 ला टेल्कोनं (आताची टाटा मोटर्स) डाइमलर-बेंझबरोबर ट्रक सुरू केले ते (आमच्यातले एक आजोबा लगेच म्हणाले, आमच्याकडं टाटा-मर्सिडीज होती, तारा होता बॉनेटवर), 2024 ला महाराष्ट्रानं बाडेन-वुर्टेमबर्गबरोबर कुशल मनुष्यबळाचा करार केला ते. मी डुलकीच्या बेतात होतो. मग त्या सल्लागारानं सीबीएएम, म्हणजे युरोपचा आयात मालावरचा कार्बन कर, काढलं आणि सगळे सरळ बसले.

सोप्या भाषेत, युरोपात येणाऱ्या लोखंड-पोलाद, ॲल्युमिनियम, सिमेंट, खत वगैरे मालामागं किती कार्बन निघाला त्याचा हिशोब. 1 ऑक्टोबर 2023 पासनं नुसते रिपोर्ट द्यायचे होते, 1 जानेवारी 2026 पासनं खरेदीदाराला त्याचे पैसेपण लागू. पैसे तो भरणार, पण आकडे तुमच्याकडनं मागणार, आणि नाही दिले तर डिफॉल्ट आकडे लावणार जे शक्यतो तुम्हाला महागातच पडतात. वर्षाला 50 टनांच्या आत माल आणणाऱ्या आयातदाराला सूट आहे. सगळं तुमच्या टॅरिफ कोडवर (कस्टममधला मालाचा नंबर) अवलंबून, नट-बोल्टचा 7318 त्यात आहे. नट-बोल्टवाल्या पाटलांचा चेहरा बघण्यासारखा झाला, गेली कित्येक वर्षं एक्स्पोर्ट करतात आणि ग्राहकाचे मेल 'हे काय नवीन फॅड' म्हणून बाजूला ठेवत होते.

दुसरं, जर्मनीचा सप्लाय चेनचा कायदा, म्हणजे माल पुरवणाऱ्यांकडं कामगार आणि पर्यावरणाचे नियम पाळले जातात का ते बघायची जबाबदारी. 2023 पासनं लागू, आधी तीन हजारांवर कामगार असलेल्या कंपन्यांना, 2024 पासनं एक हजारावर. म्हणजे कायदा आपल्याला नाही, पण त्या मोठ्या कंपन्या प्रश्नावली खाली ढकलत ढकलत शिरोलीपर्यंत येतात. फाउंड्रीत वाळूच्या धुळीचं काय करता, ओव्हरटाइमचं रेकॉर्ड आहे का, कंत्राटी कामगारांचा पगार कसा देता. मला असं फॉर्म आलेलं होतं आणि मला वाटायचं की उगाच नडतायत, रेट पाडायचा असेल. तसं नव्हतं. त्या बाईंनी एक भरलेलं फॉर्म दाखवलं, नाव झाकून, कुठं 'नाही' लिहिलं तरी चालतं आणि कुठं प्लॅन लिहावा लागतो ते सांगितलं. कॉन्सुलेटच्या माणसानं स्वतःचं कार्ड देऊन सांगितलं की समोरची पार्टी खरी आहे का, पैसे अडकले तर काय, असलं काही असेल तर मेल करा. मी परत आल्यावर केला, उत्तर आलं. सरकारी खात्यातनं उत्तर येतंय म्हटल्यावर मीच दोनदा वाचला.

दुपारी वन-टू-वन मीटिंगा होत्या. संघटनेनं आमची प्रोफाइल पाठवली होती पण सगळ्यांची मिळून एकच पीडीएफ, त्यात माझा माल 'इंजिनिअरिंग गुड्स' एवढाच. समोरच्या माणसाला पहिली दहा मिनिटं मी नेमकं काय करतो तेच सांगण्यात गेली. पण सकाळचं ताजं होतं म्हणून त्यानं धुळीचं विचारल्यावर मी नीट उत्तर दिलं, आणि त्यानं ड्रॉइंग पाठवली. सध्या सॅम्पल गेलेत, पीपीएपीची (पार्ट मंजूर करून घ्यायची) कागदं मागितलीत, ऑर्डर नाही अजून.

जेवण ठीक. एप्रिलमध्ये तिकडं पांढऱ्या अस्परॅगसचा सीझन, शाकाहारी लोकांना रोज तेच, वरच्या पिवळ्या सॉसमध्ये अंडं असतं हे तिसऱ्या दिवशी कळल्यावर ग्रुपमध्ये हाहाकार.

जायचं असेल तर पैसे भरायच्या आधी संघटनेला तीन गोष्टी लेखी विचारा: माझ्या मालाची वेगळी प्रोफाइल जाणार का, मीटिंगची नावं निघायच्या आधी मिळणार का, आणि सत्कार किती आहेत. उद्यम रजिस्ट्रेशन, आयईसी (आयात-निर्यात) कोड आणि ईईपीसी या इंजिनिअरिंग एक्स्पोर्टवाल्यांच्या संस्थेची मेंबरशिप करून ठेवा, एमएसएमई मंत्रालयाच्या योजनेत प्रदर्शनाला जायच्या खर्चातला काही भाग परत मिळू शकतो, पण पैसे आधी आपण घालायचे आणि बोर्डिंग पाससकट सगळी कागदं सांभाळायची. माझा बोर्डिंग पास टूर मॅनेजरनं गोळा करून ठेवला होता म्हणून वाचला. पुढच्या वेळी मी न्यूकास्टला जाणार, पाटलांबरोबर अर्धा-अर्धा स्टॉल घेऊन, शाल न घेता.