30 किलोचा इलेक्ट्रॉनिक काटा : किरकोळ भुसार दुकानाला पुरतो का?

क्षुल्लक गोष्टीवर अडून बसणाऱ्या कोत्या मनाच्या माणसाला चिनी लोक 'चिन-चिन ची-च्याओ' म्हणतात. चिन हे त्यांचं वजन, आजच्या हिशेबानं 500 ग्रॅम. लातूर, परभणी, जालन्याच्या मोंढ्याजवळ पाच ग्रॅमसाठी हुज्जत घालणाऱ्या गिऱ्हाइकाला मात्र कोतं म्हणू नये. बऱ्याचदा दोष काट्याचाच असतो.

30 किलो क्षमतेचा, 5 ग्रॅमच्या टप्प्याचा (म्हणजे आकडा 5-5 ग्रॅमनं बदलणारा) काटा तूरडाळ, ज्वारी, साखरेला उत्तम. सरकारी पडताळणीत अडीच किलोपर्यंत अडीच ग्रॅम, 10 किलोपर्यंत 5 ग्रॅम आणि त्यापुढे साडेसात ग्रॅमचा फरक चालतो. किलोभर डाळीला हे काहीच नाही. पण त्यावरच 50 ग्रॅम वेलदोडे तोलले, तर अडीच ग्रॅम म्हणजे सरळ 5 टक्के! मुळात याची किमान मर्यादाच 100 ग्रॅम असते, आणि ती काट्याच्या पट्टीवर छापलेली असते. वेलदोडे, लवंगेला 1 ग्रॅमच्या टप्प्याचा छोटा काटा वेगळा घ्याच.

घेताना दुकानातच तपासा. आधी पाय फिरवून पाणसळीचा बुडबुडा मधोमध आणा. मग 10 किलोचं प्रमाणित वजन ताटाच्या मध्यावर आणि चारही कोपऱ्यांवर ठेवून बघा. एखाद्या कोपऱ्यावर आकडा 10 ग्रॅमनं हलला तर तो काटा घेऊ नका, विक्रेता कितीही 'सेट होईल' म्हणाला तरी.

बिघाड बहुतेक आपल्याच हातानं होतो. 50 किलोचं पोतं 'जरा टेकवलं' की आतला लोडसेल, म्हणजे वजन मोजणारा भाग, वाकतो आणि काटा शून्यावर येत नाही. हरभऱ्याचा भुसा ताटाखाली साचला की ताट अडतं आणि वजन कमी दाखवतं. आठवड्याला ताट उचलून कोरड्या ब्रशनं झाडा, पाणी लावू नका. पंख्याच्या थेट वाऱ्यात आकडा नाचत राहतो. लाईट गेल्यावर बॅटरीची खूण लुकलुकायला लागली की तोलणं थांबवा.

टेअरचं बटण या काट्यातली सगळ्यात कामाची गोष्ट. डबा किंवा पिशवी आधी ठेवायची, आकडा शून्य करायचा, मगच माल ओतायचा. पिशवीचं वजन डाळीच्या भावात लावणं, हा खरा कोतेपणा.

इलेक्ट्रॉनिक काट्याची पडताळणी दर 12 महिन्यांनी वैधमापन (वजन-मापं तपासणाऱ्या सरकारी) खात्याकडून करून घ्यावी लागते. काटा दुरुस्त करताना सील तुटलं, तर मुदत शिल्लक असली तरी पुन्हा शिक्का मारून घ्या.