लॉन कापणीच्या पुढची बागनिगा : एक उन्हाळा आणि एक पावसाळा वापरल्यानंतर

परभणीत घरापुढे लॉन लावणाऱ्या बहुतेकांची निगा तीन गोष्टींवर संपते : गवताची कापणी, रोजचे पाणी आणि अधूनमधून युरिया. जमीन साथ देत असेल तर एवढ्यावर कित्येक वर्षे भागते. आमच्या अंगणात ते भागेनासे झाले, तेव्हा फेब्रुवारीच्या अखेरीस आम्ही एका रोपवाटिकेकडून वर्षभराची बागनिगा घेतली. तिच्यात माती तपासणी, पाण्याचा निचरा, ठिबक, कीडनियंत्रण आणि झाडांची छाटणी ही कामे येतात. आता दिवाळी उलटली आहे, त्यामुळे या सेवेने काय साधले आणि काय साधले नाही, हे ठामपणे लिहिता येते.

आमच्याकडे पूर्वीपासून येणाऱ्या माळीमामांच्या कामात खोट नव्हती. एका वेळी पात्याच्या उंचीच्या एक तृतीयांशापेक्षा जास्त कापायचे नाही, हा नियम ते कटाक्षाने पाळत आणि आजही कापणी तेच करतात. अडचण कापणीने सुटणारी नव्हती, एवढेच. गवत एकाच जागी पुन्हापुन्हा विरळ होत असेल, खत दिल्यावर पंधरवडाभर हिरवे होऊन परत पिवळे पडत असेल, किंवा पाऊस थांबून एक दिवस लोटला तरी पायाखाली चिखल राहत असेल, तर दुखणे पात्यात नसून खाली मातीत आहे, असे समजावे. यांतले एक लक्षण दिसले तर थोडी वाट पाहायला हरकत नाही. दोन एकत्र दिसू लागली, की माती उकरून पाहणाऱ्या माणसाला बोलवावे.

रोपवाटिकेच्या माणसाने पहिल्याच भेटीत जिप्समच्या गोण्या सुचवल्या. माती तपासल्याशिवाय काहीही टाकायचे नाही, असे आम्ही सांगितले. व्ही आकाराचे खड्डे घेऊन, माती सावलीत वाळवून आणि चार भाग करून निवडलेला अर्धा किलो नमुना प्रयोगशाळेत दिला. अहवालात सामू (पीएच, म्हणजे मातीची आम्लता-विम्लता) ८.३ निघाला, चुनखडी भरपूर, सेंद्रिय कर्ब कमी आणि उपलब्ध लोह अपुरे होते. सोडियमचे प्रमाण मात्र जास्त नव्हते. जिप्सम उपयोगी पडते ते सोडियम साठलेल्या चोपण जमिनीत. आमची जमीन चुनखडीची असल्याने तो खर्च पूर्ण वाया गेला असता. वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठ १९७२ पासून ज्या शहरात आहे, तेथे शेतकरी माती तपासून खत देतो आणि बंगल्याची बाग मात्र अंदाजावर चालते, ही गोष्ट मनाला लागते.

या अहवालामुळे पिवळेपणाचे कारण कळले. नत्र कमी पडले तर आधी जुनी, खालची पाने पिवळी होतात. लोह कमी पडले तर कोवळी पाने पिवळी होतात आणि त्यांच्या शिरा हिरव्याच राहतात. आमच्या इक्झोरा या फुलझुडपाचे शेंड्याचे पान उन्हासमोर धरले, की पिवळ्या पानावर हिरव्या शिरांची जाळी स्पष्ट दिसे. मोगऱ्याचीही हीच अवस्था होती. चुनखडीच्या मातीत लोह असूनही मुळांना मिळत नाही आणि बोअरच्या जड पाण्याने त्यात भर पडते, म्हणून येथे युरियाने काही साधत नाही. रोपवाटिकेने फेरस सल्फेटची अर्धा टक्का, म्हणजे लिटरला ५ ग्रॅम, फवारणी संध्याकाळी केली आणि मातीत चिलेटेड लोह, म्हणजे मुळांना घेता येईल अशा रूपात बांधलेले लोह, दिले. चिलेटेड लोह घेताना पुडीवर ईडीडीएचए लिहिले आहे का, हे पाहावे, कारण स्वस्त मिळणारे ईडीटीए आपल्या सामूच्या मातीत फार टिकत नाही. नवी पालवी हिरवी निघाली. जुनी पाने तशीच राहिली व कालांतराने गळाली.

सेवेचा खरा कस निचऱ्याच्या कामात लागला. काळी माती पाणी पिऊन फुगते आणि उन्हाळ्यात आक्रसून भेगाळते. गच्चीचे पाणी सोडणारा पाइप थेट लॉनच्या कोपऱ्यात उतरत होता, त्यामुळे पावसाळ्यात तो कोपरा चिबड व्हायचा, गवत कुजायचे आणि शेजारच्या आवारभिंतीला तडा गेला होता. अशा ठिकाणी वरून वाळू पसरणे हा लोकप्रिय उपाय आहे, परंतु चिकणमातीत थोडी वाळू मिसळल्याने जमीन मोकळी होत नाही, उलट घट्ट होते. रोपवाटिकेने आधी फूटभर खोल खड्डा पाण्याने भरून ते जिरू दिले, मग पुन्हा भरले. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यात अर्ध्याहून अधिक पाणी तसेच होते. त्यानंतर पाइप वळवून शोषखड्ड्यात सोडला आणि जमिनीचा उतार घरापासून दूर जाईल असा केला. शोषखड्डा मुरूम लागेपर्यंत खोदून घ्यावा, हे मी आवर्जून सांगेन. काळ्या मातीतच थांबलेला खड्डा एक-दोन मोठ्या पावसांत भरतो आणि मग काहीच जिरवत नाही. आमच्या मजुरांना तेथेच थांबायचे होते. आम्ही उभे राहून मुरूम लागेपर्यंत काम करून घेतले. या पावसाळ्यात पाणी कोपऱ्यात थांबले नाही आणि भिंतीचा तडा वाढलेला नाही.

हुमणीच्या, म्हणजे गवताची मुळे खाणाऱ्या अळीच्या, बाबतीत सेवा वेळेवर सावध होती. रोहिणी-मृगाच्या पहिल्या पावसानंतर तिचे भुंगेरे संध्याकाळी जमिनीतून निघून कडुनिंबावर आणि बाभळीवर बसतात, नंतर मातीत अंडी घालतात. त्याच दिवसांत आमच्या कडुनिंबाच्या फांद्या अंधार पडल्यावर हलवून खाली पडलेले भुंगेरे रॉकेलमिश्रित पाण्यात टाकले, आणि जुलैत वापसा, म्हणजे मातीत बेताची ओल, असताना शेणखतात मिसळलेले मेटारायझियम ही अळ्या मारणारी बुरशी दिली. जुलैपर्यंत अळ्या लहान असतात. सप्टेंबरात त्या मोठ्या होऊन मुळे फस्त करतात आणि तेव्हा उपाय फारसे चालत नाहीत. शेजाऱ्यांच्या लॉनचा वाळलेला तुकडा सप्टेंबरात हाताने ओढला, तर तो सतरंजीसारखा सुटून आला. खाली पांढऱ्या, तपकिरी डोक्याच्या, अर्धवर्तुळात वळलेल्या अळ्या होत्या. त्यांना त्या वाळण्यामागे पाण्याची कमतरता वाटत होती, म्हणून ते पाणी वाढवत होते. गवत वाळले की आधी ते ओढून पाहावे.

कडुनिंबाखालचे गवत वाचवण्याचा प्रयत्न रोपवाटिकेने सोडून द्यायला लावला. हरळीच्या जातीचे गवत दिवसभराच्या उन्हाशिवाय दाट होत नाही. तेथे आता वाळलेल्या पानांचे आच्छादन आणि सावलीत वाढणारी झुडपे आहेत. मला हा निर्णय पटला, कारण उन्हाळ्यात तेवढे पाणी वाचले, आणि मराठवाड्यात पाण्याचा हिशोब न करता बाग ठेवणे मला मान्य नाही. २०१६ च्या उन्हाळ्यात लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले होते, हे आपण विसरता कामा नये.

आता उणिवा. ठिबकचा टायमर वीज गेल्यावर ठरवलेली वेळ विसरतो आणि पावसाच्या दिवशीही पाणी सोडतो. तक्रार केल्यावरही तो बदलून मिळाला नाही, त्यामुळे आम्ही व्हॉल्व्ह हातानेच उघडतो. बोअरच्या क्षारांनी ड्रिपर उन्हाळ्यातच बुजले. त्यांची आम्लप्रक्रिया, म्हणजे आम्लाने क्षार धुऊन काढणे, करारात लिहिलेली असूनही दोनदा आठवण द्यावी लागली. छाटणीला पाठवलेल्या मुलांना झाडाची जाण नव्हती आणि एक फांदी साल सोलून निघेपर्यंत ओढली गेली. खर्च साध्या कापणीच्या साधारण अडीचपट पडतो. त्यातला मोठा वाटा पहिल्या वर्षीच्या खोदकामाचा आहे.

ज्यांचे लॉन लहान, उन्हातले आणि निचऱ्याचे आहे, त्यांनी ही सेवा घेऊ नये. वर्षातून एकदा माती तपासून शेणखत व निंबोळी पेंड देणे त्यांना पुरेसे आहे. खोल काळी माती, जड पाणी आणि जुनी झाडे असतील, तर एक वर्ष ही सेवा घ्यावी. आम्ही पुढच्या वर्षासाठी माती तपासणी, जून-जुलैतील हुमणीचा बंदोबस्त आणि लोहाची फवारणी एवढीच कामे करारात ठेवली आहेत. छाटणी मामांकडे दिली आहे आणि ड्रिपर साफ करण्याच्या तारखा या वेळी करारातच लिहून घेतल्या आहेत.