उपासनेत वाद्यं हवीत की नुसता गळा? सोलापुरातल्या लहान ख्रिस्ती मंडळीसाठी

तरुण म्हणतात की-बोर्ड आणि ड्रम घेऊ, वडीलधारे म्हणतात आहे ती पेटीसुद्धा जास्तच. अशी ओढाताण सुरू झाली की कमिटीला कधीतरी ठरवावंच लागतं. माझं मत आधीच सांगते: वाद्यं हवीत, पण मंडळीचा आवाज झाकणार नाहीत एवढीच.

शास्त्रापासून सुरुवात करू. वाद्यांच्या बाजूनं जुना करार भक्कम उभा आहे. स्तोत्र 150 मध्ये रणशिंग, वीणा, डफ, तंतुवाद्यं, झांजा सगळं येतं. 2 इतिहास 29:25 मध्ये हिज्कीया राजा लेव्यांना, म्हणजे मंदिराच्या सेवेकऱ्यांना, झांजा-वीणा देऊन मंदिरात उभं करतो आणि ही परमेश्वराचीच आज्ञा होती असंही तिथं लिहिलंय. नुसत्या गळ्याच्या बाजूचे लोक नेमकं इथंच बोट ठेवतात. ते मंदिर, ते यज्ञ, ते लेवी हे सगळं ख्रिस्तात पूर्ण झालं, मग वाद्यंच तेवढी कशी उरली? इफिस 5:19 आणि कलस्सै 3:16 मध्ये प्रेषित पौल स्तोत्रं-गीतं गायला सांगतो, वाद्याचं नावही घेत नाही. हा मुद्दा वजनदार आहे, पण मला तो अर्धाच पटतो. पौलानं वाद्याचं नाव घेतलं नाही, तशी मनाईही केली नाही. प्रकटीकरण 5 मध्ये तर कोकऱ्यापुढे, म्हणजे ख्रिस्तापुढे, स्वर्गातल्या वडीलजनांच्या हातात वीणा आहेत. डफ वाजवून स्तवन करा हे स्तोत्र आपण वाचायचं आणि डफ मात्र दाराबाहेर ठेवायचा, हे मनाला लागतं.

इतिहास मात्र ‘नको’च्या बाजूला बराच झुकतो. चौथ्या शतकातल्या क्रिसोस्तमसारख्या धर्मगुरूंना वाद्यं मान्य नव्हती. ऑर्थोडॉक्स चर्चमध्ये आजही बहुतेक ठिकाणी नुसता गळाच चालतो. 1527 मध्ये झ्युरिकच्या मुख्य चर्चमधला ऑर्गन काढून टाकला गेला, आणि जिनीव्हात धर्मसुधारक कॅल्विनच्या मंडळीनं स्तोत्रं वाद्याशिवाय गायली. तिकडे दुसरा सुधारक लूथर, त्यानं संगीताला मानाचं पान दिलं. रोमन कॅथलिक परिषदेनं 1963 मध्ये ऑर्गनचा मान राखून उपासनेला शोभणारी इतर वाद्यंही चालतील असं ठरवलं. तेव्हा वाद्यं नको म्हणणाऱ्या आजोबांना मागासलेले ठरवून गप्प बसवू नका. त्यांच्यामागे मोठी परंपरा आहे.

आता आपल्याकडचं बघू. सोलापूर हे अमेरिकन मराठी मिशन या मिशनरी संस्थेचं जुनं केंद्र. परदेशी चालींवर बसवलेली गीतं आपल्याला तिथून मिळाली. पण कृष्णराव सांगळे, नारायण वामन टिळक या ख्रिस्ती कवींनी पदं आणि अभंग दिले, ते आपल्या मातीतल्या चालींचे. या दोन तऱ्हांच्या गाण्यांची गरज वेगळी आहे. परदेशी चालीचं संथ गीत वाद्याशिवाय गायलं की तिसऱ्या कडव्यापर्यंत सूर हळूहळू खाली उतरतो आणि लय रेंगाळते. अभंग तसा रेंगाळत नाही. एक झांज आणि टाळ्या एवढ्यावर तो उभा राहतो.

खरी अडचण पट्टीची, म्हणजे कुठल्या सुरावरून गायचं याची आहे. पेटीवाला बहुधा पुरुष असतो आणि आपल्या गळ्याप्रमाणे काळी एक, म्हणजे पेटीची पहिली काळी पट्टी, धरतो. आया-बहिणींचा गळा काळी चार-पाचचा. खालच्या सुरात त्यांचा आवाज विरतो, वरच्या सप्तकात ताणला जातो आणि दोन कडव्यांत निम्मी मंडळी गप्प होते. वाद्य नसताना पुढाकार घेणारी बाई आपल्याला झेपेल असा सूर उचलते, मग पुरुष अडखळतात. पेटीवर मधली पट्टी आधी ठरवून ठेवता येते, आणि माझ्या दृष्टीनं पेटीच्या बाजूचा सगळ्यात मोठा मुद्दा हाच.

ड्रमसेटचं मात्र मी ठामपणे नाही म्हणेन. पत्र्याच्या किंवा स्लॅबच्या लहान खोलीत त्याचा आवाज भिंतींवर आदळतो. मग गाणाऱ्यांना माईक लागतात, माईकसाठी अँप लागतो, आणि शेवटी पुढचे चौघेच गातात, बाकीचे ऐकतात. पौल ‘एकमेकांशी’ गायला सांगतो ते तिथंच संपतं. शिवाय लाईट गेली आणि बॅटरी नसली की की-बोर्ड मुका. पेटीला फक्त भाता लागतो. तबल्याची काळजी मात्र घ्यावी लागते: आपल्या उन्हाळ्यात कातडं कोरडं पडून सूर चढतो, पावसाळ्यात उतरतो. उपासनेआधी हातोडीनं जुळवून घ्यायला कुणीतरी लवकर आलं पाहिजे.

मंडळीत तेलुगू किंवा कन्नड बोलणारी घरं असतील तर त्यांनाही विचारा. त्यांच्या गाण्यांची लय तबलजीला आधी बसवावी लागेल.

तरीही एकमत होत नसेल तर प्रभुभोजनाची उपासना आणि उत्तम शुक्रवार वाद्यांविना ठेवा, बाकीचे रविवार पेटी, तबला, झांज. आणि ड्रमसाठी जमलेल्या वर्गणीतून मुलींपैकी दोघींना पेटी शिकवायला शिक्षक लावा.