श्रीलंका की नेपाळ? लातूरकरांच्या सहलीचा घोळ

आमच्या मंडळींत सध्या दोन तट आहेत. दोन्ही देशांत लोकांनी रस्त्यावर उतरून सरकार घालवलं, आणि दोघांनाही आता पर्यटक हवेत.

श्रीलंकेत जुलै 2022 मध्ये आंदोलक राष्ट्राध्यक्षांच्या निवासातल्या तलावात पोहताना आपण टीव्हीवर पाहिले. पेट्रोलच्या रांगा तर विचारूच नका. पण नंतरच्या सरकारनं पर्यटकांसाठी नुसते जाहिरातीचे फलक लावले नाहीत. 2023 अखेरीस भारतासह सात देशांच्या पर्यटकांना प्रायोगिक तत्त्वावर व्हिसाची फी माफ केली. 2024 मध्ये 20 लाखांवर पाहुणे आले, त्यात सगळ्यात जास्त आपलेच.

नेपाळची जखम ताजी. सप्टेंबर 2025 मध्ये सिंहदरबार, म्हणजे तिथलं मंत्रालय, जळाला, पंतप्रधान ओली गेले, विमानतळही बंद पडलं. त्या गोंधळात व्हिसा संपलेल्या पर्यटकांचा दंड मात्र माफ केला. हे मला जाहिरातीपेक्षा मोलाचं वाटतं.

माझं मत तरी श्रीलंकेला. अजिंठ्याच्या 17 क्रमांकाच्या लेण्यात लंका जिंकणाऱ्या सिंहलाची कथा रंगवलीय. लंकेत उतरणारे हत्ती, घोडे पाहिल्यापासून तिकडं जायचं डोक्यात आहे. फक्त खर्च जास्त, आणि पासपोर्ट लागतोच.

तिथंच घोडं अडलंय. थोरल्या काकूंकडं पासपोर्ट नाही, नेपाळला मतदान कार्ड चालतं. "दंगल झाली म्हणून पशुपतीनाथ कुठं पळून गेला का रे?" म्हणाल्या, आणि कार्ड शोधायला कपाट उघडलं.