पिग्मी, सोसायटी आणि एसआयपी : एका टेलरचे १४ महिने

बेळगावच्या शहापुरात माझं टेलरिंगचं दुकान आहे. पगार नाही, त्यामुळं पगाराची तारीखही नाही. मे-जूनमध्ये शाळेच्या युनिफॉर्मची झुंबड, आषाढात मशीनवर धूळ, आणि गणपतीपासून दिवाळीपर्यंत रात्री अकरा-अकरापर्यंत दुकान उघडं. एसआयपी म्हणजे म्युच्युअल फंडात दर महिन्याला ठरलेली रक्कम घालणं. त्याबद्दल जो तो सांगतो, पगार झाला की आधी गुंतवा, उरेल ते खर्च करा. आम्हाला पगार कोण देणार? म्हणून रोजच्या गल्ल्यावर जगणाऱ्याच्या बाजूनं हे लिहितोय. ऑक्टोबर २०२४ मध्ये एसआयपी सुरू केली, आज नोव्हेंबर २०२५ चालू आहे.

त्याआधी माझी सगळी बचत दोन ठिकाणी. एक पिग्मी, म्हणजे रोज दारात येऊन थोडे थोडे पैसे नेणारी ठेव. ही मूळची कर्नाटकातलीच चीज, उडुपीच्या सिंडिकेट बँकेनं १९२८ साली काढलेली, दिवसाला दोन आण्यांपासून. आमच्याकडं अजून रात्री आठला पिग्मीवाले मामा मशीन घेऊन दारात उभे राहतात. "काय मास्तर, आज किती?" नको म्हटलं तर, "शंभर तरी घाला की!" व्याज नावापुरतं, तेही मुदतीआधी मोडली तर जातंच. दुसरं ठिकाण म्हणजे गल्लीतली एक सोसायटी. बँकेपेक्षा तीन टक्के जास्त मिळतात म्हणून ८०,००० ठेवले होते. चेअरमन ओळखीचे, काउंटरवर ओळखीची मुलगी. मुदत संपली तेव्हा "पुढच्या महिन्यात या" सुरू झालं आणि ते आजही सुरूच आहे. हप्त्याहप्त्यानं २५,००० हातात आलेत.

तेव्हा कळलं ते आधी कुणी सांगितलं असतं तर बरं झालं असतं. बँकेतल्या ठेवीवर एका माणसामागं ५ लाखांपर्यंत विमा असतो, फेब्रुवारी २०२० पर्यंत तो १ लाखच होता. सहकारी बँकाही त्यात येतात. पण सौहार्द सोसायटी (कर्नाटकातल्या वेगळ्या सहकार कायद्याखालची), क्रेडिट सोसायटी यांना तो विमा नाही. बाहेरून काउंटर, पासबुक, पिग्मी सगळं बँकेसारखंच दिसतंय, आणि फसगत तिथंच होते. आता पिग्मीसुद्धा बँकेचीच घालतो.

एसआयपी घेतली ती निफ्टी ५० च्या इंडेक्स फंडाची, म्हणजे शेअर बाजारातल्या पन्नास मोठ्या कंपन्यांच्या निर्देशांकामागं चालणाऱ्या फंडाची, महिना ३,०००. ओळखीच्या एकानं फॉर्म आणून दिला होता तो रेग्युलर प्लॅनचा. त्यात मधल्याचं कमिशन दरवर्षी आपल्याच पैशातून जातं. डायरेक्ट प्लॅन २०१३ पासून आहेत, स्वतः मोबाईलवरून घेता येतात. फॉर्म परत दिला. तो अजून नीट बोलत नाही.

केवायसीला, म्हणजे ओळखीची कागदपत्रं तपासून घ्यायला, मात्र महिना गेला, आणि सीमाभागातल्यांनी हे जरूर वाचावं. माझ्या नावात 'ज्ञ' आहे. आधार कर्नाटकातलं, त्यामुळं इंग्रजीत नाव 'जे'नं सुरू होतंय. पॅन काढलं तेव्हा मराठी पद्धतीनं 'डी'नं लिहिलेलं. संगणकाच्या दृष्टीनं ही दोन माणसं! शेवटी पॅनवरचं नाव आधारप्रमाणं करून घेतलं, मग बँकेतलं. पहिला दिवस त्यातच घालवा, बाकीचं नंतर.

आता पैशाचं. सुरुवातच वाईट वेळी झाली. सप्टेंबर २०२४ च्या अखेरीला निफ्टी २६,००० च्या वर होता, मी आत शिरलो आणि तो उतरत गेला. मार्चच्या सुरुवातीला निफ्टी २२,००० च्या आसपास. माझे पाच हप्ते, म्हणजे १५,००० गेलेले, आणि मोबाईलवर १३,७०० दिसत होते. पिग्मीत आकडा कधी मागं गेलेला पाहिला नव्हता. बायको म्हणाली, "सोसायटीनं निदान आकडा तरी कमी दाखवला नाही." यावर काय बोलणार? काढले मात्र नाहीत, थोडं हट्टानं, थोडं लाजेनं. त्याच दोन-तीन महिन्यांत तेवढ्याच पैशात फंडाचे युनिट (हिस्से) जास्त पडले, हे नंतर दिसलं. आज १३ हप्त्यांचे ३९,००० घातलेत, किंमत ४१,८०० च्या आसपास आहे. फार काही नाही. १४ महिन्यांवर मी फंडाला चांगला किंवा वाईट म्हणणार नाही.

महिने चौदा आणि हप्ते तेरा, कारण जुलैचा चुकला. खरी अडचण हीच. एसआयपी सुरू झाल्याच्या जोशात मी पिग्मी बंद केली होती. आषाढात कामं नाहीत, गल्ल्यातलं घरात गेलं, दहा तारखेला खात्यात १,१०० रुपये. फंडानं दंड लावला नाही, पण बँकेनं हप्ता परत गेल्याचे पैसे कापले. सलग तीन चुकले असते तर एसआयपीच बंद झाली असती. मामा रोज येऊन शंभर रुपये ओढून नेत होते, त्याची किंमत त्या दिवशी कळली. मोबाईल काही दारात येऊन "घाला की" म्हणत नाही.

मग एक साधी वाटणी केली. दुकानाच्या क्यूआर कोडला वेगळं बचत खातं जोडलं. गिऱ्हाईक फोनवरून देतंय ते सगळं तिथं पडतं आणि हप्ता तिथूनच जातो. त्या खात्याचं एटीएम कार्ड बायकोकडं. रोख येते त्यातून घर, धागा-अस्तर-बटणं आणि रोज दीडशेची पिग्मी. ऑगस्टपासून हप्ता चुकलेला नाही. शाळेची फी, विम्याचा हप्ता असले वर्षाचे खर्च पिग्मीतून. कर्नाटक सरकारच्या गृहलक्ष्मी योजनेतून बायकोला महिन्याला मिळणाऱ्या दोन हजारांतले हजार पोस्टाच्या आरडीत (दरमहाच्या ठेवीत) जातात, ६.७ टक्के, पाच वर्षं. त्यात मी नाक खुपसत नाही.

खटकणारं एकच सांगतो. अडीनडीला एसआयपीतला पैसा सोयीचा नाही. हातात यायला दोन-तीन दिवस लागतात, आणि वर्षाच्या आतले युनिट विकले तर नफ्यावर २० टक्के कर. सप्टेंबरमध्ये ऐन सीझनला मशीनची मोटर जळाली तेव्हा पिग्मी मोडली, एसआयपीला हात लावला नाही. व्याज गेलं. मामांनी दुसऱ्याच दिवशी नवीन खातं उघडून दिलं आणि जाता जाता विचारलं, "मास्तर, ते निफ्टीचं मला पण जमेल काय हो?" परवा त्यांचं आधार बघितलं. त्यांच्याही नावाचा घोळ आहे.