क्षारपड रानात बेवडाला कोणते पीक घ्यावे: सोयाबीन, भुईमूग, हरभरा की धैंचा?

शिरोळ तालुक्यात कृष्णा-पंचगंगेच्या काठची खोल काळी जमीन, तिच्यात वर्षानुवर्षे ऊस आणि उसाला पाटाने दिलेले वारेमाप पाणी, यांमुळे अनेक राने क्षारपड झाली आहेत. खोडवा निघाल्यावर अशा रानात बेवडासाठी, म्हणजे पुढच्या उसाआधी जमिनीचा कस वाढवायला फेरपालट म्हणून, शेंगवर्गीय पीक घ्यायचे ठरले की पिकांच्या क्षारसहनशीलतेचा तक्ता समोर येतो. या तक्त्यावर विसंबून निर्णय घेऊ नये, असे माझे ठाम मत आहे. कारण तो उत्पादन किती घटते हे सांगतो, मुळांवरील गाठी किती टिकतात हे सांगत नाही. बेवडाचा मोठा फायदा मात्र त्या गाठींनी हवेतून स्थिर केलेल्या नत्रातच असतो.

तक्त्यानुसार सोयाबीन ५ डेसीसायमन प्रति मीटर विद्युतवाहकतेपर्यंत (ही मातीतल्या क्षारांचे माप असते) उत्पादन टिकवते आणि त्यापुढे प्रत्येक डेसीसायमनला सुमारे २० टक्के घटते. भुईमुगाची मर्यादा ३.२ असून पुढची घसरण जवळपास २९ टक्क्यांची, म्हणजे फारच तीव्र आहे. हे आकडे मातीच्या संपृक्त अर्काचे, म्हणजे पाण्याने पूर्ण भिजवलेल्या मातीतून काढलेल्या पाण्याचे आहेत. आपल्याकडील प्रयोगशाळांत वाहकता बहुधा १:२.५ या प्रमाणातील माती-पाण्याच्या द्रावणात मोजतात आणि ती संपृक्त अर्कापेक्षा बरीच कमी भरते. त्यामुळे अहवालातला १.५ हा आकडा तक्त्यातल्या ५ शी ताडून निर्धास्त होणे धोक्याचे आहे.

गाठींचे गणित वेगळे का, हे अमेरिकेतील हवाई विद्यापीठातील सिंगलटन आणि बोहलूल यांनी १९८४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांतून स्पष्ट होते. त्यांनी सोयाबीनच्या मुळांचे दोन भाग केले आणि मीठ व गाठी तयार करणारे जिवाणू एकाच भागाला दिले, जेणेकरून झाडाच्या वाढीवरचा परिणाम बाजूला पडावा. लिटरमागे साधारण दीड ग्रॅम मिठाला गाठींची संख्या निम्म्यावर आली आणि तीन ग्रॅमला ती ९० टक्क्यांहून अधिक घटली. दीड ग्रॅम मिठाच्या द्रावणाची वाहकता ३ डेसीसायमनच्या आसपास असते, म्हणजे तक्त्यातल्या मर्यादेच्या कितीतरी आत. सर्वांत जास्त मिठाला, लिटरमागे साडेचार ग्रॅमच्या पुढे, झाडाच्या वरच्या भागाचे वाळलेले वजन कमी झाले नाही, परंतु त्यातील नत्र ३.७५ टक्क्यांवरून १.२६ टक्क्यांवर उतरले. मुळांवर जिवाणूंची वस्ती मात्र मिठातही पूर्वीइतकीच होती. अडचण जिवाणू मरण्याची नव्हती, तर मुळात शिरकाव होऊन गाठ धरण्याच्या पहिल्या टप्प्याची होती. जिवाणू दिल्यावर मीठ अवघे १२ तास उशिरा दिले तरी गाठी वाढल्या. खारट द्रावणात तयार झालेल्या गाठींतून वेगळे काढलेले जिवाणू पुन्हा वापरूनही मिठातल्या गाठी वाढल्या नाहीत, म्हणून ‘क्षार सहन करणारे संवर्धक’ (बियाण्याला चोळायचे जिवाणू खत) एवढ्याच भरवशावर सोयाबीन पेरण्याचा सल्ला मी देणार नाही.

यावरून खरीप आणि रब्बी यांतला फरक निर्णायक ठरतो. जून-जुलैच्या चांगल्या पावसाने वरच्या थरातले क्षार खाली जातात आणि वाफशावर पेरलेल्या सोयाबीनला गाठ धरण्याचे नाजूक दिवस त्यातल्या त्यात गोड मातीत मिळतात. हरभऱ्याचे नेमके उलट होते: माती वाळत जाते तसे खालचे क्षार पाण्याबरोबर वर येतात आणि मुळातच क्षारांना हळवे असलेले हे पीक गाठी धरताना आणि पुढे फुलोऱ्यात असे दोनदा सापडते. कर्नालच्या केंद्रीय मृद लवणता संशोधन संस्थेने ६ डेसीसायमनपर्यंत तग धरणारा ‘कर्नाल चना-१’ वाण विकसित केला आहे हे खरे; तरी नेहमीच्या वाणांसाठी क्षारपड रानात हरभरा हा या चौघांतला सर्वांत कच्चा पर्याय आहे.

भुईमुगाच्या बाजूने एक गोष्ट आहे. त्याच्या मुळांत जिवाणू केसमुळांतून न शिरता उपमुळे फुटतात तिथल्या भेगांतून शिरतात आणि त्याला लागणारे चवळी गटाचे जिवाणू आपल्या मातीत मुळातच असतात, तर सोयाबीनला त्याचे खास संवर्धक बियाण्याला चोळावेच लागते. पण भुईमुगाला शेंगा पोसायला आऱ्यांच्या (जमिनीत शिरून शेंग धरणाऱ्या दांड्यांच्या) थरात कॅल्शियम हवे असते आणि चोपण, म्हणजे सोडियम साचलेल्या, जमिनीत मातीच्या कणांवरची कॅल्शियमची जागा सोडियमने घेतलेली असते. शिवाय अशी माती ओली असताना चिकट आणि वाळल्यावर टणक होते, त्यामुळे आऱ्या नीट शिरत नाहीत आणि काढणीत शेंगा तुटून मातीतच राहतात. निचरा असलेल्या, सौम्य क्षारांच्या हलक्या रानापुरताच भुईमूग ठीक आहे.

हिरवळीचे खत म्हणून गाडायच्या धैंच्याची तुलना या तिघांशी करताना एक अन्याय होतो, कारण त्यातून विकायला काहीच मिळत नाही आणि शेतकऱ्याचा एक हंगाम जातो. तरीही सामू (pH) ८.५ च्या वर आणि मातीच्या कणांना चिकटलेले विनिमययोग्य सोडियम १५ टक्क्यांहून जास्त असेल, म्हणजे जमीन चोपण असेल, तर मी निःसंकोच धैंचाच सुचवीन. साचलेले पाणी आणि सोडियम या दोन्हींत तो वाढतो, गाठीही धरतो, आणि फुलोऱ्यापूर्वी, ४५ ते ५० दिवसांनी गाडला की कुजताना निघणारे आम्ल मातीतला चुना विरघळवून कॅल्शियम मोकळे करते. जिप्सम आणि सच्छिद्र पाइपांचा निचरा यांच्या जोडीने तो घेतल्यास पुढच्या उसाला नत्रही मिळते आणि जमीनही सुधारते. ताग त्याऐवजी घेऊ नये. पाणी साचले की तो बसतो.

संपृक्त अर्काची वाहकता २ च्या आत आणि सामू ८.५ च्या खाली असल्यास सोयाबीन निर्धास्तपणे घ्यावे. २ ते ४ च्या दरम्यान सोयाबीन पीक म्हणून चालेल, पण उसासाठी नत्र मागे राहील ही अपेक्षा त्याच्याकडून ठेवू नये. ४ च्या पुढे धैंचा घ्यावा.

सोयाबीन घेतलेच तर पेरणीनंतर पस्तीस-चाळीस दिवसांनी रानाच्या चांगल्या आणि पांढरे फुटलेल्या अशा दोन्ही भागांतून काही झाडे खुरप्याने मातीसकट उचलावीत, मुळे पाण्यात हलक्या हाताने धुवावीत आणि गाठी नखाने चिराव्यात. आतून गुलाबी-लाल गाठ नत्र स्थिर करत असते. पांढुरकी, हिरवट किंवा करडी गाठ काम करत नसते. पांढऱ्या भागात गाठी नसतील किंवा निकामी असतील, तर तेवढ्याच भागाला नत्र खताचा हप्ता द्यावा. चांगल्या भागात तो टाकू नये, कारण मातीत आयते नत्र मिळाले की झाड गाठींना पोसणे कमी करते.